धुलाई

मोजे सरळ करून टाका,
बावीस वर्षं ओरडतेय मी. कोणी ऐकत नाही.
म्हणून तर सापडलं.

टोलेडोत सोमवारी पहाटे
सरोवरावरून वारा सुटला की धुलाईघराची काच घामेजते.
आत त्रेपन्न जणांचा रविवार,
गवताचे डाग, रक्ताचे डाग.
रक्ताला थंड पाणी, गरम कधीच नाही,
हे लिहून घ्या साहेब,
बाकी कशाचा नाही तरी ह्याचा कुणाला उपयोग होईल.
आणि ड्रायरच्या पोटात
पापडासारख्या कडक झालेल्या शंभराच्या नोटा.

पाकिटं मी पाहिलीत.
वर नाव नसायचं, आकडा असायचा.
समोरच्या संघातल्या कुणाचा तरी.
उठायला वेळ लागला, पाचशे.
दोघांच्या खांद्यावर गेला, हजार.
झोपून गेला, दोन.
प्लेऑफमध्ये सणासुदीचा भाव.
तुमच्या कागदात ह्याला
‘कामगिरीशी निगडित अनधिकृत भत्ता’ म्हटलंय.
माझा नवरा गोदीवर हमाल होता.
तो एकाच शब्दात म्हणाला असता: सुपारी.

ओमाहाचा एकतीस नंबर.
मी टॉवेलांच्या घड्या घालत होते, टीव्हीचा आवाज बंद होता.
गुडघा जिकडे वळायचा नाही तिकडे वळला.
आमच्या बाकावर एकानं मान खाली घातली.
एकानं दोन बोटं वर केली.

धडक लमॉन्टे ब्रिस्कोची.
वाईट पोरगा नाही तो.
मला जड पिशवी उचलू द्यायचा नाही कधी.
तुम्ही मागच्या वेळी विचारलंत,
वर्षाला चाळीस लाख मिळवणारा दोन हजारांसाठी असं का करेल?
पैशासाठी नाही हो.
शनिवारी रात्री, दिवे मंद करून,
कोच सगळ्यांसमोर नाव पुकारायचे,
पाकीट हातात द्यायचे, आणि टाळ्या.
दार लावलेलं असायचं तरी माझ्यापर्यंत यायच्या त्या टाळ्या,
पत्र्यावर गारा पडाव्यात तशा.

काल निकाल ऐकला.
संघाला दंड. पहिल्या फेरीतली निवड दोन वर्षं रद्द.
कोच एक मोसम घरी, त्यांचं घर तळ्याकाठी आहे.
ब्रिस्को चार सामने बाहेर.
म्हणजे हेही दरपत्रकच,
फक्त लेटरहेडवर.
मी दोनदा वाचलं, चष्मा पुसून.
एकतीस नंबरचा गुडघा त्यात कुठे बसवलाय, दिसला नाही.
आता तो जिना उलटा उतरतो म्हणे,
कठड्याला धरून, लहान पोर उतरतं तसा.

आणि आता अपिलासाठी पुन्हा आलातच,
तर माझंही लिहा.
त्या नोटा मी इस्त्री करून
ज्याच्या त्याच्या कप्प्यात ठेवत होते.
चोरी नको, एवढंच मला कळत होतं.
एकदा ब्रिस्कोनं त्यातले दोन कागद माझ्या मुठीत दाबले.
मी नाही म्हटलं. मग घेतले.
नातवाला बूट आले त्यात, खिळ्यांचे, फुटबॉलचे.

ओटिस अकराचा आहे.
परवा त्याच्या हेल्मेटवर कवटीचा स्टिकर दिसला.
हे काय रे?
‘जोरात आपटवलं की सर देतात.’
कुणाला आपटवलंस?
‘एकोणतीसला.’
नाव काय त्याचं?
तो माझ्याकडे बघतच राहिला,
मी परक्या भाषेत बोलल्यासारखा.

रात्री तो झोपल्यावर नखानं खरवडला.
कवटी निघाली.
गोंद राहिलाय, गोल, बोटाला चिकटतो.
गरम पाणी लावून पाहिलं, थंड लावून पाहिलं.

सही कुठे करायची?